गांजा, कायदा आणि कोलोरॅडो : एका वादविवादाच्या निमित्ताने

(द्वितीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

आमच्या महाविद्यालयाच्या वादविवाद मंडळाने यंदाच्या स्पर्धेचा विषय फलकावर लावला, तेव्हा फलकापुढे हशा पिकला. विषय होता : ‘राज्याने गांजाला कायदेशीर मान्यता द्यावी.’ चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या आणि माझ्या वाट्याला अनुकूल बाजू आली. मित्रांनी पाठीवर थापा मारल्या. मी मात्र चिठ्ठी खिशात घालून गुपचूप एस. टी. धरली.

मी आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिलाच. त्यामुळे कॉलेजात आज काय शिकवले, याची चौकशी रोज रात्री जेवताना होते. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विषय सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग भाकरी मोडता मोडता म्हणाले, “फी भरतोय ती गांज्याची वकिली शिकायला व्हय रं?”

त्यांच्या बोलण्याला कारण होते. माझा चुलतभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, चार वर्षांपूर्वी शहरात कारखान्यात कामाला असताना गांजाच्या पुडीसह सापडला. पुडी लहानच होती. दोन रात्री कोठडीत गेल्या, मग जामीन झाला, पण खटला तीन वर्षे चालला. तारखेला जाणे-येणे, वकिलाची फी, बुडालेले खाडे यांत घरची म्हैस गेली आणि नोकरीही गेली. शेवटी दंड भरून प्रकरण मिटले. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या दादाने त्या दिवशी धावण्याचे बूट माळ्यावर टाकले. दुसरी गोष्टही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दादाची चिलीम सुटलेली नाही. तो पहाटे उठून रानात जाणारा मुलगा होता; आता दहा वाजले तरी अंथरुणात असतो.

तेव्हा हा विषय माझ्या दृष्टीने हशाचा नव्हता. स्पर्धेसाठी म्हणून मी वाचायला बसलो, ते महिनाभर वाचतच राहिलो. व्यासपीठावर एकच बाजू मांडता येते. येथे ते बंधन नाही, म्हणून जे वाचले आणि समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रश्न नेमका कोणता?

आपल्याकडील बरेचसे वाद शब्दांच्या गोंधळातून होतात. म्हणून आधी शब्द नीट लावून घेऊ.

झाड एकच. त्याच्या मादी झाडाचे फुलांचे तुरे म्हणजे गांजा. त्यातून निघणारी राळ म्हणजे चरस. पाने म्हणजे भांग. कैफ आणणारे मुख्य द्रव्य टीएचसी या आद्याक्षरांनी ओळखले जाते. ते राळेत पुष्कळ, तुऱ्यांत त्याहून कमी आणि पानांत थोडे असते. याच झाडाच्या ज्या जातींत हे द्रव्य नाममात्र असते, त्यांच्यापासून दोर, कापड आणि तेल करतात.

आता कायद्याचे तीन मार्ग पाहू. पहिला बंदीचा : पिकवणे, विकणे, बाळगणे, ओढणे हे सारे गुन्हे. दुसरा गुन्हेमुक्तीचा : विक्री हा गुन्हाच राहतो, पण स्वतःपुरती पुडी बाळगणाऱ्याला तुरुंगात न पाठवता किरकोळ दंड किंवा उपचार. तिसरा कायदेशीर मान्यतेचा : सरकार परवाने देते, दुकाने उघडतात, कर बसतो, वय आणि प्रमाण ठरते.

गंमत अशी की ‘मान्यता द्या’ असे म्हणणाऱ्या अनेकांच्या मनात खरे तर दुसरा मार्ग असतो आणि ‘देऊ नका’ म्हणणाऱ्यांना भीती वाटत असते ती तिसऱ्याची. दोघे एकमेकांशी भांडतात, पण एकाच प्रश्नावर भांडत नाहीत.

कोलोरॅडोत काय घडले?

‘राज्याने’ हा शब्द विषयात होता. म्हणून ज्या राज्याने हा प्रयोग पहिल्यांदा केला, त्याचाच अभ्यास करावा असे राज्यशास्त्राच्या सरांनी सुचविले. ते राज्य म्हणजे अमेरिकेतील कोलोरॅडो.

अमेरिकेत १९३७ च्या संघराज्याच्या कायद्याने गांजावर जबर कर बसवून त्याचा व्यवहार व्यवहारतः बंद केला. त्या कायद्याखालचे अगदी आरंभीचे खटले कोलोरॅडोची राजधानी डेन्व्हर येथेच चालले होते. पुढे १९७० च्या कायद्याने गांजा सर्वांत कडक अशा पहिल्या अनुसूचीत टाकला गेला. कोलोरॅडोच्या मतदारांनी मात्र टप्प्याटप्प्याने वेगळी वाट धरली. २००० साली त्यांनी औषधी वापराला मान्यता दिली. २००६ साली, प्रौढांना थोडा गांजा बाळगू द्यावा, हा प्रस्ताव त्यांनीच फेटाळला. आणि ६ नोव्हेंबर २०१२ रोजी राज्याच्या घटनेतील ६४ वी दुरुस्ती शेकडा ५५ मतांनी संमत झाली. त्याच दिवशी वॉशिंग्टन राज्यानेही तसाच कौल दिला.

ही दुरुस्ती विधिमंडळाने केली नव्हती. तेथे नागरिकांना सह्या गोळा करून प्रस्ताव थेट मतदानाला टाकता येतो. राज्यपाल जॉन हिकनलूपर यांचा तिला विरोध होता. पण मतदारांचा निर्णय झाल्यावर तो अमलात आणण्याची यंत्रणा त्यांच्याच सरकारला उभारावी लागली. लोकशाहीच्या दृष्टीने मला ही बाब फार बोलकी वाटली.

दुरुस्तीने काय दिले? २१ वर्षे पूर्ण झालेल्या माणसाला एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, गांजा बाळगण्याची मुभा. घरी सहा झाडे लावण्याची मुभा, त्यांपैकी फुलोऱ्यावर असलेली तीनच. सार्वजनिक जागी ओढण्यास आणि कैफात गाडी चालविण्यास बंदी. ज्या गावाला किंवा शहराला दुकाने नको असतील, त्याला ती नाकारण्याचा अधिकार. १ जानेवारी २०१४ रोजी पहिली दुकाने उघडली.

येथे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक कोडे पडते. संघराज्याचा कायदा बंदी घालतो आणि घटक राज्य दुकान उघडते, हे कसे? २००५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘गोन्झालिस विरुद्ध रेच’ या खटल्यात स्पष्ट सांगितले होते की राज्याने मुभा दिली तरी संघराज्याचा कायदा लागूच राहतो. पण त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या निर्णयांनुसार, संघराज्याचा कायदा राबविण्याची सक्ती राज्याच्या पोलिसांवर करता येत नाही. कोलोरॅडोने आपल्या कायद्याच्या पुस्तकातून गुन्हा पुसला आणि संघराज्याकडे गल्लोगल्ली फिरण्याइतके मनुष्यबळ नव्हते. ऑगस्ट २०१३ मध्ये संघराज्याच्या न्याय खात्याने पत्रक काढून कळविले की मुलांना विक्री, गुन्हेगारी टोळ्यांना पैसा, शेजारच्या राज्यांत निर्यात असले प्रकार राज्याने रोखले, तर आपण सहसा आड येणार नाही. ते पत्रक जानेवारी २०१८ मध्ये मागे घेतले गेले. दुकाने मात्र चालूच राहिली. या विसंगतीची किंमतही होती. बहुतेक बँका संघराज्याच्या भीतीने या दुकानांची खाती उघडेनात. त्यामुळे कोट्यवधींचा व्यवहार रोख नोटांत होऊ लागला.

जमा आणि खर्च

वाण्याच्या वहीसारखी दोन पाने करून मी कोलोरॅडोचा हिशेब मांडला.

जमेच्या पानावर पहिली नोंद अटकांची. राज्याच्याच अहवालानुसार गांजासाठी झालेल्या अटका २०१२ मध्ये तेरा हजारांहून अधिक होत्या. त्या २०१९ मध्ये सुमारे ४,३०० वर आल्या. म्हणजे दरवर्षी हजारो तरुण दादाच्या वाटेने जाता जाता वाचले. दुसरी नोंद कराची. दरवर्षी उत्पादन कराचे पहिले चार कोटी डॉलर शाळांच्या इमारतींसाठी राखून ठेवण्याचे दुरुस्तीतच लिहिले होते. कर आणि परवाना शुल्क मिळून २०२१ मध्ये राज्याला ४२ कोटी डॉलरहून अधिक मिळाले. तिसरी नोंद मुलांची. शाळकरी मुले बिघडतील हा विरोधकांचा सर्वांत मोठा मुद्दा होता. पण वरच्या वर्गांतील मुलांच्या पाहणीत ‘गेल्या महिन्यात सेवन केले’ म्हणणारे २०१३ मध्ये शेकडा २० च्या आसपास होते आणि २०१९ मध्येही जवळपास तेवढेच. २०२१ मध्ये ते १३ च्या आसपास उतरले. मात्र त्या वर्षी महामारी होती, मुले घरात होती. तेव्हा त्या घटीचे सारे श्रेय कायद्याला देणे मला पटत नाही. वाढ झाली नाही, एवढेच म्हणावे.

आता खर्चाचे पान. प्रौढांमधील सेवन वाढले. गांजाची जातही बदलली. दुकानदारीत स्पर्धा आली, तसा अधिकाधिक तीव्र माल आणि अर्क बाजारात आले. तो आवरण्यासाठी २०२१ मध्ये राज्याला नवा कायदा करावा लागला आणि १८ ते २० वर्षांच्या रुग्णांना मिळणाऱ्या अर्कावर मर्यादा घालावी लागली. अटका कमी झाल्या, पण विषमता गेली नाही. २०१९ मध्येही कृष्णवर्णीयांच्या अटकेचे प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक होते. कायदा सैल झाला तरी हात कोणाच्या खांद्यावर पडतो, हे बदलत नाही, हा धडा आपणही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आणि एक नोंद मला आकड्यांत मांडता आली नाही. दुकाने उघडल्यावर तीनच महिन्यांनी, मार्च २०१४ मध्ये, डेन्व्हरमध्ये एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने गांजा घातलेले बिस्किट खाल्ले. ते त्याच्यासाठी मोठ्या वयाच्या मित्राने दुकानातून विकत घेतले होते. बिस्किटात सहाहून अधिक जणांना पुरेल इतके द्रव्य होते. त्याने आधी एक तुकडा खाल्ला. अर्ध्या-पाऊण तासात काही वाटेना, म्हणून उरलेले सारे खाल्ले. ओढलेला गांजा मिनिटांत चढतो, खाल्लेला चढायला तास-दोन तास लागू शकतात, हे त्याला ठाऊक नसावे. मग तो भ्रमिष्टासारखा वागू लागला आणि अडीच तासांनी चौथ्या मजल्यावरून त्याने उडी घेतली. संघराज्याच्या रोगनियंत्रण केंद्राने या मृत्यूचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. मृत्यूनंतर नियम झाला की एका वेळचे प्रमाण १० मिलिग्रॅमहून अधिक नसावे आणि प्रत्येक भाग वेगळा दिसावा. नियम चांगला होता, पण एक जीव गेल्यावर आला. मीही एकोणीस वर्षांचा आहे. हा अहवाल वाचून त्या दिवशी मी ग्रंथालयातून लवकर उठलो.

कराच्या नोंदीलाही एक शेपूट आहे. २०२१ चे ४२ कोटी २०२४ मध्ये सुमारे साडेपंचवीस कोटींवर घसरले. शेजारच्या राज्यांतही दुकाने उघडली, भाव पडले. ज्या पैशावर शाळा बांधायच्या तो पैसा गिऱ्हाईक वाढण्यावर अवलंबून असेल, तर सरकारला नागरिक निर्व्यसनी व्हावा असे मनापासून कसे वाटेल? हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. दारूच्या बाबतीत आपण तो रोज पाहतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठविण्यात आली. बंदीमुळे चोरटी दारू वाढते आणि परवान्यामुळे उघडी दारू वाढते, असे दोन्ही बाजूंचे लोक म्हणतात, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते.

एकशेतीस वर्षांपूर्वीचा आपलाच अहवाल

वाचता वाचता मला एक आश्चर्य सापडले. कोलोरॅडोने २०१२ मध्ये जे केले, त्याचा आराखडा भारतात १८९४ मध्येच लिहिला गेला होता.

गांजाने हिंदुस्थानातील लोक वेडे होतात, वेड्यांची इस्पितळे त्यांनी भरली आहेत, अशी ओरड ब्रिटिश पार्लमेंटात झाली. त्यावरून १८९३ मध्ये सरकारने एक आयोग नेमला. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सात सभासदांपैकी तीन भारतीय. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षी नोंदविल्या. अधिकारी, डॉक्टर, वैद्य, शेतकरी, मिशनरी, सर्वांना विचारले.

त्यांनी इस्पितळांच्या नोंदवह्या तपासल्या, तो भाग प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. १८९२ मध्ये गांजा-भांगेमुळे वेडे झाले म्हणून नोंदलेले २२२ रुग्ण होते. एकेकाच्या गावी चौकशी करता त्यांपैकी ९८ जणांच्याच बाबतीत तसे म्हणण्यास काही आधार निघाला. मग बाकीच्यांच्या नावापुढे ‘गांजा’ कसे आले? रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाला अर्जातील ‘कारण’ हा रकाना भरायचा असे. माणूस कधी चिलीम ओढत होता असे कळले की रकाना भरला जाई. छापलेल्या आकड्यामागे कोणी बसून रकाना भरलेला असतो, हे मी या एका उदाहरणावरून शिकलो.

आयोगाचा निष्कर्ष असा की माफक सेवनाने सहसा शरीराची, मनाची किंवा नीतीची हानी होत नाही; अतिसेवनाने होते. संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही. त्याऐवजी पुरेसा कर, परवान्याशिवाय लागवडीला मनाई, दुकानांच्या संख्येवर मर्यादा आणि जवळ बाळगण्याच्या प्रमाणावर मर्यादा असावी. कोलोरॅडोची दुरुस्ती यापुढे ठेवून पाहा. कर, परवाना, दुकान, प्रमाण, चारही खांब तेच आहेत.

म्हणून जुन्याची री ओढावी, असे मात्र नाही. आयोगासमोर जो माल होता तो गावठी होता. आजचे अर्क त्याच्या कितीतरी पट तीव्र आहेत. लहान वयात आणि रोज सेवन केल्यास मनोविकाराचा धोका वाढतो, हे नंतरच्या वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. शिवाय ज्या सरकारने आयोग नेमला त्याला गांजावरील महसूल मिळतच होता, हेही विसरून चालणार नाही.

आपल्या राज्याला हे करता येईल काय?

प्रतिस्पर्ध्याने हा प्रश्न विचारणार म्हणून मी घटनाच उघडली. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ५१ व्या नोंदीत उत्पादन शुल्काच्या संदर्भात अफूबरोबर ‘भारतीय हेम्प’ असा या झाडाचा नावानिशी उल्लेख आहे. दुसरीकडे अनुच्छेद ४७ राज्याला सांगतो की औषधी कारण वगळता मादक पेये व आरोग्याला अपायकारक मादक द्रव्ये यांच्या सेवनावर बंदी आणण्यासाठी प्रयत्न करावा. एकच घटना कर घेण्याचा अधिकार देते आणि बंदीचे ध्येयही पुढे ठेवते. त्या दोहोंमधल्या जागेतच आपले सारे वाद चालतात.

प्रत्यक्ष कायदा मात्र केंद्राचा आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली. पण त्या करारातील व्याख्येतून तुरे नसलेली पाने वगळली गेली आणि जुन्या प्रथा बंद करण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. तिला अनुसरून १९८५ मध्ये गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम आला. त्यात गांजा आणि चरस गुन्हा ठरले. भांग व्याख्येबाहेर राहिली आणि राज्यांच्या नियमांवर सोपविली गेली. म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने भांगेवरही परवान्याचे बंधन आहे.

१९८५ च्या अधिनियमात प्रमाणाला महत्त्व आहे. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ‘अल्प’, वीस किलोंच्या वर ‘व्यापारी’. अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत सश्रम कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे. कलम १० नुसार लागवडीचे नियमन करण्याचे काही अधिकार राज्यांकडे आहेत. उत्तराखंडाने २०१८ मध्ये कैफ नसलेल्या जातीच्या औद्योगिक लागवडीस परवाने देण्यास आरंभ केला आणि हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने २०२४ मध्ये औषधी व औद्योगिक लागवडीची शिफारस करणारा समितीचा अहवाल स्वीकारला. थोडक्यात, भारतातील राज्याला कोलोरॅडोसारखे दुकान उघडता येणार नाही. शेत मात्र उघडता येईल.

आणि प्रश्न केवढा आहे? केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार वर्षभरात भांग घेतलेले सुमारे २ कोटी २० लाख आणि गांजा वा चरस घेतलेले सुमारे १ कोटी ३० लाख लोक होते. दारू घेणारे सुमारे १६ कोटी. गांजा-भांगेमुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे सुमारे ७२ लाख. या शेवटच्या आकड्यापाशी मी थांबलो. त्या बहात्तर लाखांत आमचा दादा आहे.

कलम ६४-अ

स्पर्धेत मला बक्षीस मिळाले नाही. परीक्षक म्हणाले, “मुद्दे चांगले होते, पण तू दोन्ही बाजूंनी बोललास.” ते खरेच होते.

पण स्पर्धेच्या आदल्या रात्री मला जे सापडले, ते बक्षिसाहून मोठे होते. अधिनियमाचे एकेक कलम वाचता वाचता कलम ६४-अ पाशी आलो. त्याचा आशय असा : व्यसनाधीन माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि तो स्वखुशीने शासकीय वा शासनमान्य संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालविला जाणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. मी ते तीनदा वाचले. दादाच्या खटल्याच्या तीन वर्षांत हे कलम पुस्तकात होते. कोणीही ते आम्हांला सांगितले नाही, आणि आमच्या घरात ते वाचू शकेल असे तेव्हा कोणी नव्हते. मी नववी-दहावीत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकूंकडे, दादाच्या आईकडे गेलो. दुकाने, कर, अमेरिका, सगळे सांगितले. मान्यता दिली तर पोलीस धरणार नाहीत, पण माल उघड मिळेल, हेही सांगितले. काकू तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “मला दुकान बी नको आन् ठाणं बी नको. त्येचा डाक्तर कुठं बसतोय, तेवढं बघ.”

वाचकहो, महिनाभर वाचून मी ज्या निष्कर्षाशी आलो, तो काकूंनी एका वाक्यात सांगितला. तरी अभ्यासाच्या भाषेत तो मांडतो.

एक, स्वतःपुरती पुडी बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवून त्याचे व्यसन सुटत नाही. नोकरी तेवढी सुटते. म्हणून गुन्हेमुक्तीच्या मार्गाला माझा पाठिंबा आहे. दोन, सरकारने कैफाचा गांजा दुकानात विकावा, याला आज माझा विरोध आहे. दारूच्या महसुलाची सवय ज्याला सोडवत नाही, त्याने नव्या महसुलाची सवय लावून घेऊ नये. पुढेमागे दुकाने आलीच, तर जाहिरातीला बंदी, तीव्रतेला मर्यादा, एकवीसची वयोमर्यादा आणि गावाला नकाराचा अधिकार, या चार गोष्टी पहिल्याच दिवशी असाव्यात. कोणाच्या मृत्यूनंतर नव्हे. तीन, धागा व औषधासाठी लागवड हा शेतीचा प्रश्न आहे. तो व्यसनाच्या प्रश्नात मिसळून शेतकऱ्याचे नुकसान करू नये. चार, आणि हे सर्वांत आधी हवे : कलम ६४-अ नवा कायदा न करता आजच अमलात आणता येते. प्रत्येक आरोपीला त्याच्या भाषेत ते वाचून दाखविले गेले पाहिजे.

माझ्या मताशी सर्व प्राध्यापक आणि मित्र सहमत होतील असे नाही. दुकानांच्या बाजूने माझ्याहून चांगली मांडणी करता येईल, हे मला ठाऊक आहे. तशी ती कोणी पुढील अंकात केल्यास मी आनंदाने वाचीन.

परवा जिल्हा रुग्णालयात चौकशी केली. मानसोपचार विभाग कोणत्या मजल्यावर आहे आणि कोणत्या वारी डॉक्टर बसतात, ते लिहून आणले. दादा येतो म्हणाला आहे. येईलच असे मी सांगू शकत नाही. आण्णांनी मात्र स्वतःहून विचारले, “त्या पुस्तकात आमच्यासारख्यांच्या कामाचं आणखी काय काय लिवलंय?” आता रोज रात्री जेवणानंतर मी त्यांना एकेक कलम वाचून दाखवतो.